लवादामुळे राजनाल्याला पाणी कमी येतं म्हणतात, खरं आहे का?

वालाचीशेंग (ठाणे)

नमस्कार, पाण्याच्या विषयातलं कळणारं कोणी इथे असेल तर जरा नीट समजावून सांगा. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, पण माहेरची थोडी जमीन कर्जत तालुक्यात आहे, राजनाला कालव्याच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. बाबांना आता चालवत नाही, दादा बाहेरगावी, त्यामुळे पाण्याचा अर्ज भरण्यापासून पाटकऱ्याला (कालव्याचं पाणी सोडतो त्या माणसाला) फोन करण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिवपुरीला टाटांचं वीजघर आहे, घाटावरचं पाणी मोठमोठ्या पाइपातून खाली येतं, वीज तयार होते आणि मग ते पाणी आमच्या बाजूला सुटतं. त्यावर आमचा कालवा आणि त्यावरच आमचं उन्हाळी भात. पावसाळ्यात भात सगळेच काढतात हो, पण दुसरं पीक कोकणात कोणाला मिळतं? आमच्या गावाला मिळतं ते फक्त या पाण्यामुळे.

यंदा रोप लावणीला आलं आणि टेलला पाणीच नाही. आलं तर रात्री येतं, सकाळी चारीत (कालव्यातून शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटात) नुसता ओला गाळ. गावात मीटिंग झाली तर तिथे एकाने ठासून सांगितलं की हे पाणी मुळात कृष्णा खोऱ्यातलं, कर्नाटक आणि आंध्रबरोबर पाण्याच्या वाटणीचा लवाद (निवाडा मंडळ) झालाय, कोकणात किती पाणी सोडायचं त्याला कायद्याने मर्यादा आहे, म्हणून कालव्याला कमी येतं, दिल्लीत ठरतं ते, आपण काही करू शकत नाही. लवाद म्हटल्यावर सगळे गप्पच झाले, मीपण गप्प झाले कारण मला उत्तर देता येईना. तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. कुठे कर्नाटक आणि कुठे आमची चारी? खरंच असा काही संबंध आहे का, आणि असला तर आम्ही नक्की कोणाच्या दारात जायचं?

कळवानाका

ताई, प्रश्न चांगला आहे आणि याचं उत्तर मला द्यावंसं वाटतं कारण माझी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आता रिटायर होऊन कळव्यात असतो.

त्या माणसाने सांगितलं त्यातलं अर्धं खरं आहे. भिवपुरीला येणारं पाणी ठोकळवाडीच्या धरणातलं, आंध्रा नदीचं. आंध्रा मिळते इंद्रायणीला, इंद्रायणी तुळापूरला भीमेला आणि भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला. म्हणजे वीजघर झालं नसतं तर हेच पाणी देहू-आळंदी करत उजनीकडे गेलं असतं. १९२२ पासून ते घाटाखाली उतरतंय. खोपोलीचं वीजघर त्याच्याही आधीचं आणि मुळशीच्या पाण्यावरचं भिराचं नंतरचं, या तिघांना मिळून लवादाच्या कागदात एकच नाव आहे, टाटा हायडेल वर्क्स.

आता लवाद. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला, १९७३ ला निकाल, मग राज्यांच्या शंका-कुशंका आणि १९७६ ला राजपत्रात अंतिम. कृष्णा खोऱ्यात चारपैकी तीन वर्षं तरी मिळेल असं पाणी २०६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) धरलं, त्यातलं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. खोऱ्यातच परत झिरपून येणाऱ्या पाण्याचं वर थोडं धरलंय, ते सोडा. तुमच्या कामाची अट अशी आहे की टाटांच्या धरणांतून खोऱ्याबाहेर, म्हणजे कोकणात, एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त आणि लागोपाठच्या कुठल्याही पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त वळवायचं नाही. वर्ष मोजायचं १ जून ते ३१ मे.

ही पाच वर्षांची अट नीट बघा, खरी गोम तिथे आहे. कोणी सलग तीन वर्षं पूर्ण ५४.५ घेतलं तर झाले १६३.५, मग उरलेल्या दोन वर्षांना मिळून ४८.५ राहतात, म्हणजे वर्षाला जेमतेम २४. त्यामुळे व्यवहारात सरासरी धरायची ती ४२ च्या आसपासच.

दुसरी गोष्ट, मोजायची पद्धत. खोऱ्यातल्या खोऱ्यात गावाला प्यायला १०० लिटर उचलले तर लवाद त्यातले २० च वापरले असं धरतो, कारण बाकीचं सांडपाणी होऊन नदीत परत जातं. कारखान्याला तर अडीच टक्केच. पण खोऱ्याबाहेर गेलेलं पाणी शंभर टक्के वापरलं असंच धरतात, त्याची वीज करा, भात लावा नाहीतर ते खाडीला जाऊ द्या. म्हणून घाटावरून उतरणाऱ्या प्रत्येक थेंबाचा हिशोब महाराष्ट्राच्या ५६० मधून वजा होतो.

इथपर्यंत तुमच्या गावातला माणूस बरोबर. पण लवादाचं काम घाटमाथ्यावर संपतं. आपल्या सोसायटीच्या गेटवर पालिकेचा मीटर असतो ना, तसं आहे ते. आत कोणत्या विंगला किती वाजता पाणी सोडायचं हे मीटर ठरवत नाही. पाणी एकदा भिवपुरीला खाली आलं की ते उल्हास खोऱ्यात आलं, उल्हास नदी उगमापासून खाडीपर्यंत महाराष्ट्रातच, तिथे ना कर्नाटकाचा हक्क ना तेलंगणाचा. राजनाल्याला किती, बदलापूरला किती, एमआयडीसीला किती हे सगळं राज्य सरकारचं खातं ठरवतं. दिल्लीत नाही, आपल्याच जिल्ह्यांत बसून ठरतं.

आणि आकडा बघा. समजा एखादा कालवा ५० क्युसेकने (सेकंदाला ५० घनफूट) सलग चार महिने चालवला तरी अर्धा टीएमसी होतो. ५४.५ टीएमसीतला फक्त अर्धा टीएमसी. तुमच्या टेलच्या चारीसाठी लवाद आडवा येतो हे म्हणूनच मला पटत नाही.

दिवाफास्ट

काका म्हणजे आमच्या दिव्याच्या नळाला येतं ते कृष्णेचं पाणी आहे का?? आम्हाला एमआयडीसीचं येतं

कळवानाका

त्यातलं काही आहेच. एमआयडीसी जांभूळला पाणी उचलते, ते बारवी धरणातून सोडलेलं आणि उल्हासमध्ये वरून आलेलं. स्टेम प्राधिकरणाचं, म्हणजे ठाण्याकडच्या शहरांना पुरवतात ते पाणी शहाडला उचलतात तेही उल्हासचंच. पावसाळ्यात नदीला स्वतःचं पाणी भरपूर असतं पण जानेवारीनंतर उल्हासमध्ये जे वाहतं त्यात भिवपुरीचा वाटा मोठा. दरवर्षी उन्हाळ्यात पेपरात येतं ना, बारवी आणि आंध्रा धरणात इतका साठा, १५ जुलैपर्यंत पुरवायचा, म्हणून आठवड्यातून एक दिवस पाणीकपात. ते आंध्रा धरण म्हणजे ठोकळवाडीच. भातसावरनं येतं ते पाणी वेगळं आणि नवी मुंबईचं मोरबेचं वेगळं.

ताई, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. तुमचा कालवा वरच्या अंगाला, आमच्या शहरांच्या उचल-जागा खाली. तुम्ही जे वळवता ते आमच्या जॅकवेलला (नदीकाठच्या उचल-विहिरीला) येत नाही. शहरं वाढतायत, मागणी वाढतेय, पण घाटावरून जास्त मागायची सोय नाही कारण २१२ चं कुलूप १९७६ पासून लागलेलं आहे. रोज ५० कोटी लिटर (५०० एमएलडी) लागणारं एक शहर वर्षाला साधारण ६.४ टीएमसी पितं. म्हणजे लवाद तुमच्या चारीला थेट हात लावत नाही, पण घाटाखाली येणारी एकूण रक्कम त्याने गोठवली आणि त्या गोठलेल्या रकमेतून शहराला वाढीव द्यायचं झालं तर ते कालव्याच्या वाट्यातूनच निघणार. राज्याच्या धोरणात पिण्याचं पाणी पहिलं आहे. शेती २००३ च्या जलनीतीत उद्योगाच्याही मागे टाकली होती, २०११ मध्ये ती परत दुसऱ्या नंबरवर आणली. तेव्हा टंचाईत तुमच्याशी स्पर्धा कर्नाटकाची नसते. ती आमची असते, ठाणे-कल्याण-बदलापूरवाल्यांची. हे आम्ही शहरातल्या लोकांनी मान्य करायला पाहिजे, नळ सोडताना शेजारच्या तालुक्यातल्या कोणाची तरी पाण्याची पाळी चुकते.

माणदेशीकोपरखैरणे

काकांनी हिशोब बरोबर मांडलाय पण एक बाजू राहिली ती मी सांगतो, मी सांगलीतल्या दुष्काळी आटपाडीकडचा, वडील माथाडीत होते म्हणून आम्ही कोपरखैरण्यात, मी मार्केटला आहे.

तुमच्या घाटाखाली पाणी कमी पडतंय म्हणताय, आमच्याकडं त्याच लवादाचं नाव सांगून पिढ्या गेल्या. टाटांचं सरासरी ४२ आणि कोयनेचं ६७.५ टीएमसी, हे कोयनेचं तर पोफळीला वीज करून वाशिष्ठीतनं चिपळूणवरून समुद्राला जातं, दोन्ही मिळून ११० च्या घरात. ५६० चा जवळजवळ पाचवा हिस्सा दुष्काळी बाजू सोडून पावसाच्या बाजूला गेला. आणि आमच्या ओढ्यावर एखादा बंधारा मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, पाणी उपलब्धता प्रमाणपत्र मिळणार नाही, लवादाच्या हिश्श्यात शिल्लक नाही. ते एक प्रमाणपत्र नाही म्हणून किती गावांची फाईल पुढं सरकत नाही ते येऊन बघा.

तरी आम्ही हात बांधून बसलो नाही. मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होणार होता, त्याच्या आत आपल्या वाट्याचं पाणी अडवलं नाही तर पुढं भांडायला तोंड राहणार नाही म्हणून १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ काढलं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी आता कुठं शिवारात पाणी दिसतंय. आटपाडीच्या पाणी परिषदेत माणसं वर्षानुवर्षं जमली, नागनाथअण्णा नायकवडींसारखी माणसं त्यासाठी झिजली, मागणी एकच, समान पाणी. जमीन किती हे न बघता माणसाला पाणी.

दुसरा लवाद झाला तो पण सांगून ठेवतो म्हणजे कोणी त्याचं नाव घेऊन परत गप्प बसवायला नको. ब्रिजेशकुमार लवादानं २०१० ला निकाल दिला, २०१३ ला पुढचा अहवाल, त्यात महाराष्ट्राला ६६६ टीएमसी. पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तो निकाल राजपत्रात आलेलाच नाही. त्यामुळं अजून चालतंय ते बच्छावतांचंच.

ताई, तुमच्या भाताचं पाणी बंद करा असं मी कधी म्हणणार नाही, शेतकऱ्याच्या तोंडचा घास शेतकऱ्यानं काढायचा नसतो. माझं म्हणणं एवढंच की घाटाखाली उतरलेलं पाणी शंभर टक्के आमच्या नावावर खर्ची पडतंय तर त्यातलं खाडीला वाया किती जातं याचा हिशोब कोणीतरी द्यावा.

पेजकाठ (ऐरोली)

माणदेशी दादा, तुमचं दुखणं कळतं, मनापासून सांगतो. भिवपुरीचं पाणी घेऊन येणारी पेज नदी उन्हाळ्यात भरून वाहताना मी लहानपणापासून बघितली आणि ती कोणाच्या वाट्याची आहे हा विचार आमच्याकडे कोणी करतच नाही.

वालाचीशेंग ताई, मी तुमच्याच भागातला, तुमच्यापेक्षा जरा वरच्या अंगाला. तुमच्या चारीला पाणी रात्री का येतं सांगतो. वीजघर एका लयीत चालत नाही, विजेची मागणी वाढली की मशिन चालतात, संध्याकाळी जास्त. त्यामुळे खाली सुटणारं पाणी धरणाच्या आवर्तनासारखं सारखं नसतं, ते लोंढ्याने येतं. लोंढा कालव्यात घुसेपर्यंत आणि टेलला पोचेपर्यंत रात्र होते. दिवसा थोडंफार येतं ते वरच्या गावांतच जिरतं.

आणि वर काय चाललंय ते डोळ्यांनी बघून या एकदा. आमच्या गावाजवळ चारीच्या तोंडाला लोखंडी गेट आहे, त्याचा वर-खाली करायचा स्क्रू कधीचाच गेलाय, गेट अर्ध्यावर अडकलेलं. पाणी बंद करायचं तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून खाली कोंबतात, वरून पेंढा आणि गाळ. रात्री कोणीतरी एक गोणी सरकवतो आणि सकाळपर्यंत अख्खं पाणी एकाच शिवारात. तिथून पुढे अस्तराच्या फरश्या उखडल्यात, त्या फटीतून एवढं पाणी खाली जातं की कालव्याच्या बाजूच्या खाचरात उन्हाळ्यातसुद्धा पाय रुततो. त्या खाचराचा मालक पाण्याचा अर्ज भरत नाही, त्याला गरजच नाही, झिरपून येतं. हे सगळं पार करून जे उरतं ते तुमच्यापर्यंत.

मीटिंगमध्ये ज्याने लवादाचं नाव काढलं तो वरच्या अंगाचा होता का, एवढं मात्र विचारून बघा.

वालाचीशेंग (ठाणे)

हो, वरच्या अंगाचाच. पण त्याने मुद्दाम केलं असं मला नाही वाटत, त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलेलं असणार. आणि माणदेशी दादा, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले आपण टेलला आहोत तर हे लोक टेलच्याही टेलला आहेत.

काका, आता नेमकं काय करू ते सांगा. नमुना ७, म्हणजे पाणीमागणीचा अर्ज भरलेला आहे, पाणीपट्टीची मागची बाकी पण भरली, पावती आहे. पाटकरी चांगला आहे पण त्याच्याकडे एवढा मोठा पल्ला आणि माणूस एकटाच, तो तरी कुठे कुठे धावणार. गावातले पाच-सहा जण माझ्याबरोबर यायला तयार आहेत.

कळवानाका

पावती आहे ना, मग तुमची बाजू पक्की. अर्ज मंजूर झालेला असेल तर पाणी मागणं हा तुमचा हक्क आहे, विनंती नाही.

पहिलं म्हणजे यापुढे लवाद हा शब्द कोणी काढला तर त्याला दोनच गोष्टी विचारा. यंदा घाटावरून वळवलेलं पाणी ५४.५ च्या जवळ गेलंय का, पाच वर्षांची बेरीज २१२ ला टेकलीय का. टेकली असेल तर कमी येणं समजू शकतो, मग शहरांनाही त्याच प्रमाणात कमी झालेलं दिसायला पाहिजे. शहरांचं पाणी तसंच आणि कालवा मात्र कोरडा, असं असेल तर कारण घाटाखाली आहे.

दुसरं, कालवा सल्लागार समितीची बैठक रब्बीच्या आधी होते, तिथे तुमच्या गावाचं निवेदन लेखी जायला हवं. तुमच्याकडे एक खास अडचण आहे. खात्याच्या हिशोबात उन्हाळी हंगाम १ मार्चला सुरू होतो आणि तुमची लावणी त्याच्या आधीच होते, म्हणजे तुमचं निम्मं पाणी रब्बीच्या खात्यात आणि निम्मं उन्हाळीच्या. हे निवेदनात स्पष्ट लिहा, नाहीतर मधल्या काळात पाळी तुटते आणि रोप पिवळं पडतं.

तिसरं, जे जास्त कष्टाचं आहे पण टिकाऊ आहे. २००५ चा कायदा आहे, सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन. पाणीवापर संस्था काढली की पाणी घनमापाने मोजून संस्थेच्या तोंडाशी द्यायची जबाबदारी खात्याची आणि आत वाटायची तुमची. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावरच्या शेतकऱ्यांनी संस्था काढून हे करून दाखवलंय, एकदा जाऊन बघा, ठाण्याहून लांब नाही. संस्था काढताना वरच्या गावांना सोडून काढू नका, ते बाहेर राहिले तर गोण्या तशाच राहतील. त्यांना सांगायचा मुद्दा असा की शहराची मागणी वाढतच जाणार आहे आणि ज्या कालव्याचा वापर मोजलेला नाही त्याच्या पाण्यावर बोट ठेवणं सगळ्यात सोपं. मोजलेलं आणि मंजूर असलेलं पाणी काढून घ्यायला कोणालाही उत्तर द्यावं लागतं. हे वरच्यांना पटेल, कारण कालवा बंद पडला तर त्यांचंही भात जाणार.

माणदेशींनी खाडीला जाणाऱ्या पाण्याचं विचारलं तेही बरोबर आहे. रात्रीचा लोंढा धरून ठेवायला खाली पुरेशी साठवण नाही, म्हणून तो निघून जातो. वीज गेल्या शंभर वर्षांत होत आली, ती करताना खाली कोणाला कधी पाणी हवंय हा विचार वीजघराच्या वेळापत्रकात मुळात नव्हता. आता शहरं आणि शेती दोन्ही त्यावर बसलीत तर सुटण्याच्या वेळा आणि कालव्याच्या पाळ्या एकत्र बसून लावायला हव्यात. हीपण मागणी निवेदनात घाला.

आणि आजच करायचं काम म्हणजे माहितीच्या अधिकारात कालव्याच्या गेज रजिस्टरची (पाण्याच्या पातळीच्या नोंदवहीची) प्रत मागा, हेडची म्हणजे कालव्याच्या सुरुवातीची आणि तुमच्या चारीच्या तोंडाची, दोन्ही एकाच तारखांची, डिसेंबर ते मार्च. वेगवेगळ्या तारखांची दिली तर घेऊ नका, त्यातून काही सिद्ध होत नाही.

पेजकाठ (ऐरोली)

मी शनिवारी गावी चाललोय, गेटचे आणि उखडलेल्या अस्तराचे फोटो तारखेसकट काढून आणतो. आमच्या गावातल्या चार जणांना संस्थेचं विचारतो पण. ताई, तुम्ही अर्ज लिहिलात की इथेच टाका, काका तपासतील.

वालाचीशेंग (ठाणे)

आज रात्री लिहून टाकते. माणदेशी दादा, खाडीच्या पाण्याचा मुद्दा मी तुमच्या शब्दांत घालतेय, चालेल ना?

माणदेशीकोपरखैरणे

चालेल की. टीएमसीचे आकडे तेवढे काकांकडनं तपासून घ्या.